धुळ्याचा आग्रा रोड आणि मुंबई–आग्रा महामार्ग

धुळ्यात कोणी ‘आग्रा रोडला या’ म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा हायवेला उतरतो. त्याच्या डोळ्यांसमोर ट्रक आणि ढाबे असतात. सांगणाऱ्याच्या मनात मात्र बाजारपेठ असते, जिथे लग्नाचा बस्ता काढायला लोक जातात. दोन्ही एकाच रस्त्याची लेकरं, म्हणून हा घोळ.

मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना रस्ता मालेगावकडून यायचा, लळिंगच्या किल्ल्याखालून थेट धुळ्यात शिरायचा आणि पांझरा ओलांडून देवपुरातून सोनगीरकडे निघायचा. शहरातला तो तुकडा म्हणजे आजचा आग्रा रोड. गंमत अशी की, दक्षिणेकडे याच वाटेला लोक मालेगाव रोड म्हणतात आणि देवपुरात जुना आग्रा रोड. जो तुकडा ज्या गावाकडे तोंड करून आहे, त्याला त्या गावाचं नाव!

धुळे तेव्हा अगदी लहान होतं. 1803 च्या दुष्काळात गाव ओस पडलं. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरचे बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. 1819 मध्ये इथे फक्त 401 घरं आणि 2,509 माणसं होती. ब्रिग्जनं बऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणांहून व्यापारी आणले, त्यांना घरांसाठी जागा दिल्या आणि नवं धुळं सरळ, समांतर रस्त्यांनी आखलं. या नव्या धुळ्यात आजही पत्ता सांगतात तो ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर सहा’ असा. इतक्या नंबरांच्या गर्दीत एका रस्त्याला मात्र दूरच्या शहराचं नाव राहिलं, कारण त्याच्यावरून माणसं खरोखरच त्या दिशेनं जात होती. मला हे नाव फार मोलाचं वाटतं. ते बदलून कोणा पुढाऱ्याचं लावलं, तर धुळं कोणत्या वाटेवर वाढलं याची खूण पुसली जाईल.

महामार्गाची गोष्ट साधी आहे. वाहतूक वाढली, तो शहराबाहेरून गेला. पारोळा चौफुली त्याच्यावरच लागते. पुढे सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर आणि मग सातपुड्यातला बिजासन घाट. पूर्वी याचा राष्ट्रीय क्रमांक 3 होता. 2010 च्या नव्या क्रमांकांनंतर धुळ्याहून नाशिककडे जाणारा 60 आणि इंदूरकडे जाणारा 52 झाला. लोकांच्या तोंडी अजून ‘तीन नंबर’ आहे, आणि जुने ट्रकवाले तर तेवढंच ओळखतात.

तेव्हा लग्नपत्रिकेत किंवा दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘आग्रा रोड, धुळे’ असेल तर तो शहरातला बाजार समजावा. पत्त्यात ‘हायवे’, ‘बायपास’ किंवा ‘चौफुली’ असेल तरच बाहेर थांबावं. खासगी ट्रॅव्हल्सनं येणार असाल तर हे आधीच विचारून घ्या, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्या हायवेवरच उतरवून पुढे निघतात. एसटी शहरातल्या बसस्थानकात आणते. तिथून रिक्षावाल्याला ‘आग्रा रोड, पाच कंदील’ सांगितलं की तो दुसरं काही विचारत नाही.