सीमाभागातलं मूल वाचताना अडतं तेव्हा

खानापूर, निपाणी किंवा बेळगावातल्या मराठी शाळेत तिसरीतलं मूल जोडाक्षरावर अडलं, की घरचे म्हणतात, 'कन्नडच्या ओझ्यानं गोंधळलंय.' ओझं आहेच. १ नोव्हेंबर १९५६ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला तरी वाद मिटला नाही, २००४पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात २०१५च्या कायद्याने पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीची झाली. देवनागरी, कन्नड, रोमन अशा तीन लिप्या कोवळ्या वयात गिरवायच्या. भाषा हे इथलं दुखणं असल्यामुळे मुलाच्या वाचनाची खरी अडचणही, म्हणजे डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही अक्षरं-आवाज जुळवून वाचायला जड जाणं), त्याच खाती जमा होते आणि वर्षं वाया जातात. मला हे फार लागतं.

उलट्या बाजूची चूकही होऊ शकते. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेतली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर बहुतेकांना तिथे बसवायचं कारणच नव्हतं. त्यावरचा खटला १९७०चा. १९७५च्या अमेरिकी कायद्याने मुलाच्या भाषेत चाचणी घेणं बंधनकारक केलं.

आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी) नव्हतीच. महाराष्ट्राने १९९६मध्ये अशा मुलांना सवलती दिल्या, पण सीमाभागातली मराठी मुलं कर्नाटकाच्या बोर्डाची. देशभरासाठीची कायदेशीर मान्यता २०१६च्या कायद्याने आली, तो १९ एप्रिल २०१७ला लागू झाला.

सीमाभागाच्या दृष्टीने मला त्याहून मोलाची वाटते ती डिस्लेक्सिया तपासणारी 'डाली' चाचणी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ती २०१५मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. डिस्लेक्सिया एकाच भाषेपुरता नसतो. मराठी सरळ वाचणारं मूल फक्त कन्नडात अडत असेल, तर बहुधा सराव कमी पडतोय. घरच्या मराठीतही शब्द फोडता येत नसेल, 'कमळ'मधला पहिला आवाज वेगळा काढता येत नसेल, तर तपासणी हवी. कोकणी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातही आधी हेच पाहावं: मूल घरी जी भाषा बोलतं, तिच्यातले आवाज त्याला वेगळे करता येतात का. आणि अहवाल कन्नडात किंवा इंग्रजीत आला, तर तो आईला तिच्या भाषेत समजावून सांगा, असं शाळेला सांगायचा संकोच करू नये.