नवव्या आठवड्यातली हजेरी

जानेवारी-फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की वास लांबूनच नाकात शिरतो. एरवी हा वास सांगलीकराला घरचाच. पण पाळी चुकून दोन-तीन आठवडे झालेल्या, अडत दुकानात पट्ट्या लिहिणाऱ्या मुलीला तोच वास दारातून परत फिरवतो. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी, बँकेत शेजारच्या टेबलावर उघडलेला मेथीचा डबा, शाळेत स्टाफरूमचा चहा. ती उठते, मोरीत जाऊन येते, तोंड पुसते आणि कुणी विचारलंच तर सांगते, "पित्त झालंय जरा."

कारण खरं सांगायचं नसतं. तीन महिने होऊ देत, मग पेढे वाटू, असा घरचा दंडक.

आता जरा हिशोब मांडू. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. मळमळ बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास कळसाला पोचते आणि बारा ते सोळा आठवड्यांत ओसरते. काहींना विसाव्यापर्यंत साथ देते. दर दहांत सात-आठ जणींना कमीजास्त त्रास होतोच. म्हणजे सगळ्यात वाईट आठवडे नेमके गुपिताच्या काळात येतात. आपल्याकडे बसमध्ये जागा, हलकं काम, "दमलीस का गं" हे सगळं पोट दिसायला लागल्यावर मिळतं आणि तोवर बऱ्याच जणींची मळमळ संपून भूकही परत आलेली असते.

या मळमळीचं कारण इतकी वर्षं 'हार्मोन्स' एवढ्या शब्दात गुंडाळलं जायचं. आता ते बरंच नेमकं कळलंय. जीडीएफ-15 नावाचं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात थोडं थोडं असतं. गर्भ रुजला की वार (प्लॅसेंटा) ते भरपूर बनवू लागते. मेंदूच्या तळाशी, मणक्याकडे उतरणाऱ्या भागात एक छोटी जागा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा तिथे मुद्दाम सैल असतो, म्हणजे रक्तात काही विषारी आलं तर लगेच कळावं आणि उलटी होऊन बाहेर पडावं. जीडीएफ-15 ला ओळखणाऱ्या पेशी याच जागेत आणि तिच्या शेजारी बसलेल्या आहेत. म्हणजे उलटी पोटातून सुरू होत नाही, हुकूम वरून येतो.

2023 च्या डिसेंबरमध्ये 'नेचर' या नियतकालिकात मार्लिना फेझो, स्टीफन ओ'राहिली आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. फेझो यांना 1999 साली स्वतःच्या गरोदरपणात इतक्या उलट्या झाल्या होत्या की ते मूल वाचलं नाही. पुढे त्या याच प्रश्नाच्या मागे लागल्या. निबंधातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी: हे प्रथिन गरोदरपणात किती वाढतं यावरच सगळं ठरत नाही, आधी किती होतं यावरही ठरतं. रोज तांबडा रस्सा ओरपणाऱ्याला आणखी थोडं तिखट जाणवत नाही, पण सौम्य खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तसंच हे. ज्यांच्या अंगात मुळातच ते कमी, त्यांना अचानक आलेला लोंढा सोसत नाही. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांत ते कायमच चढं असतं आणि त्यांना मळमळ फारशी होत नाही.

म्हणून "आम्ही नाही बाई असलं काही केलं, नऊ महिने शेतात राबलो" असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. त्यांचं रक्त वेगळं होतं, एवढंच. सुनेचे नखरे हा निष्कर्ष मात्र चुकीचा.

मेंदूतल्या त्याच परिसरात कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे निरोपही पोचतात. म्हणून सकाळची एसटी, त्यात मागच्या चाकावरची सीट आणि रिकामं पोट हे त्रिकूट वाईट. विट्याहून किंवा कराडहून रोज ये-जा करणारीने पुढची खिडकी धरावी आणि अंथरुणातून उठायच्या आधीच काहीतरी कोरडं तोंडात टाकावं. सांगलीत चुरमुऱ्यांना तोटा नाही. ड्रॉवरमध्ये साधे चुरमुरे किंवा फुटाणे ठेवावेत. भडंग नको, त्यातला लसूण घात करतो. दर दीड-दोन तासांनी चार घास, पाणी जेवणासोबत न पिता अधूनमधून घोट घोट. डबा गार झाल्यावर खाल्ला तर बरा पडतो, कारण गरम अन्नातून वासाचे रेणू जास्त उडतात. आल्याचा थोडा उपयोग अभ्यासांतही दिसला आहे. लोहाची गोळी मळमळ वाढवते, तेव्हा ती पहिले तीन महिने बाजूला ठेवायची का हे डॉक्टरांना विचारावं; फोलिक अ‍ॅसिड मात्र सोडू नये.

दुसरा त्रास झोपेचा. दुपारी तीनला लेजरवर डोकं टेकावंसं वाटतं तो आळस नव्हे. गरोदरपणात वाढलेल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनपासून शरीरात एक पदार्थ तयार होतो, तो मेंदूवर झोपेच्या गोळीच्या वाटेनेच काम करतो. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, म्हणून काउंटरमागे उभं राहून डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रपिंडांचं गाळण्याचं कामही पहिल्या तिमाहीतच जवळजवळ दीडपट होतं. लघवीला सारखं जावं लागतं आणि जायला धड जागा नसली की बायका पाणीच कमी पितात. त्यातून शोष वाढतो, मळमळही. उसाच्या फडात तर तेवढाही आडोसा नसतो. आपल्या भागात हंगामाला येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस बसलं की खाडा कापला जातो. तिथे नववा आठवडा कसा जात असेल, याची मोजदाद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

औषधाला मात्र बायका घाबरतात. ही भीती हवेतून आलेली नाही. 1957 पासून जर्मनीत विकलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांनीही मळमळीवर घेतलं, हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि 1961 च्या नोव्हेंबरात ते तिथल्या बाजारातून काढलं गेलं. त्या धसक्यात डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्वाची मळमळीवरची साधी गोळीही सापडली. खटले इतके झाले की अमेरिकेत कंपनीने ती 1983 मध्ये बंद केली. व्यंगाशी संबंध काही सिद्ध झाला नाही आणि 2013 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने हेच मिश्रण पुन्हा मंजूर केलं. आपल्याकडे डॉक्टर ते नेहमी लिहून देतात. ही गोळी चार-सहा तासांनी काम करते, म्हणून सकाळच्या त्रासासाठी रात्री घ्यायची, न चावता. तिने झोप येते, तेव्हा स्कूटीवरून कुपवाड एमआयडीसी गाठणारीने पहिले काही दिवस सांभाळावं.

पाणीसुद्धा टिकत नाही, सात-आठ तास लघवी झालेली नाही किंवा ती गडद आहे, 50 किलोच्या बाईचं वजन अडीच किलोने उतरलंय, असं असेल तर चुरमुऱ्यांचा विषय संपला. शंभरातल्या एक-दोघींना हे होतं आणि त्याला दवाखानाच लागतो. नुसतं "एक सलाईन लावून घे" म्हणून भागत नाही. बरेच दिवस उलट्या चालल्या असतील तर ग्लुकोजच्या आधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

राहिलं सांगण्याचं. तीन महिने गप्प बसण्यामागचं कारण मला समजतं. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के टिकत नाहीत, त्याही बहुतेक याच काळात. पण त्यातल्या निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या गडबडीमुळे जातात. खुर्चीवर बसून हिशोब लिहिल्याने नाही आणि नजर लागल्याने तर नाहीच. गावभर करू नका, पण ऑफिसात एका माणसाला सांगा. आशाताई बारा आठवड्यांच्या आत नोंद करून घेतेच, मग हजेरी मांडणाऱ्याला का कळू नये?

शिवाय त्यात पैशाचाही प्रश्न आहे. 26 आठवड्यांची रजा सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातले फक्त आठ प्रसूतीच्या आधी घेता येतात, म्हणजे नवव्या आठवड्यात तिचा उपयोग नाही. गरोदरपणातून आलेल्या आजारपणासाठी महिनाभराची वेगळी पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कारखान्यांना आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना ती लागू होते, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या वर्षभरात 80 दिवस काम झालेलं असलं की. चार माणसांच्या अडत दुकानात मालकाच्या भलेपणावरच भिस्त. पण जिथे हक्क आहे तिथेही बायका गुपित राखायला डॉक्टरांकडून 'व्हायरल ताप' लिहून आणतात आणि साध्या आजारी रजेतले दिवस संपवतात. दाखल्यावर गरोदरपणातल्या उलट्या असं स्वच्छ लिहून घ्या आणि त्याची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.