क्लायंट कंट्रोल की ॲडमिन कंट्रोल? एएमटी सुरू करण्याआधी

इंटेलच्या व्हीप्रो, म्हणजे कंपन्यांसाठीच्या, संगणकांत एएमटी (ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी) नावाची, दुरून मशीन सांभाळण्याची सोय असते. ती चिपसेटमधल्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरवर चालते. त्यामुळे विंडोज कोसळलेलं असो की मशीन बंद, वीज आणि लॅनची केबल जोडलेली असली की दुरून त्याचा ताबा घेता येतो. मात्र ती आपण सुरू करावी लागते आणि सुरू करताना दोनपैकी एक मोड पदरात पडतो: क्लायंट कंट्रोल किंवा ॲडमिन कंट्रोल. जोडणी झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) तेच, १६९९२ किंवा टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) असेल तर १६९९३. ऑन-ऑफची बटणंही तीच. म्हणून ‘एएमटी चालू’ एवढी नोंद करून लोक पुढच्या मशीनकडे वळतात.

क्लायंट कंट्रोल मिळवणं अगदी सोपं. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एक छोटा प्रोग्राम चालवला की काम झालं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंग्जमध्ये) शिरायची गरज नाही. मशीन चालू-बंद करता येतं, हार्डवेअरची माहिती वाचता येते. पण स्क्रीन पाहायची, माउस-कीबोर्ड हातात घ्यायचा किंवा दुरून दिलेल्या आयएसओवरून (डिस्कची प्रत असलेल्या फाइलवरून) बूट करायचं म्हटलं, की त्या मशीनच्या मॉनिटरवर सहा आकडी कोड उमटतो. हा कोड विंडोज दाखवत नाही, ग्राफिक्सचं हार्डवेअर तो थेट चित्रावर चढवतं. समोर बसलेल्या माणसाने तो वाचून फोनवर सांगायचा, मगच पुढचं दार उघडतं. दुपारी ऑफिस भरलेलं असताना यात काहीच अडचण नाही. रात्री अपडेटनंतर मशीन निळ्या स्क्रीनवर अडकलं आणि मजल्यावर चिटपाखरू नाही, की घोडं पेंड खातं. नेमकं ज्या कामासाठी एएमटी हवं होतं, तेच होत नाही.

ही अट त्रासदायक असली तरी मला ती पटते. विंडोजमधले ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क मालवेअरही मिळवू शकतं. तेवढ्या जोरावर सुरू झालेल्या एएमटीला कोणाच्याही नकळत स्क्रीन बघू दिली, तर चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखंच.

ॲडमिन कंट्रोलमध्ये समोरच्या माणसाची ही संमती सक्तीची नसते. हवी तर धोरण म्हणून ठेवता येते. त्या बदल्यात मशीन आपलंच आहे याचा पुरावा विंडोजच्या बाहेरून द्यावा लागतो. एक वाट हाताची: मशीन सुरू होताना कंट्रोल-पी दाबून (काही मॉडेलवर बूट मेनूतून) एमईबीएक्स (एएमटीच्या सेटिंग्जचा मेनू) उघडायचं. पहिला पासवर्ड ‘admin’ असतो आणि आत जाताच तो बदलावा लागतो: किमान आठ अक्षरं, त्यात लहान आणि मोठी (कॅपिटल) इंग्रजी अक्षरं, आकडा आणि एखादं चिन्ह. दुसरी वाट प्रमाणपत्राची. फर्मवेअरमध्ये (चिपसोबतच येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मोजक्या प्रमाणपत्र संस्थांचे रूट हॅश (ओळख पटवणारे ठसे) आधीच भरलेले असतात. त्यांपैकी एकीकडून एएमटीसाठीचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्यातलं डोमेन आणि लॅनवरच्या डीएचसीपीने (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सेवेने) पर्याय १५ मध्ये दिलेलं डोमेन जुळलं पाहिजे. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण डीएचसीपीत भलतंच डोमेन असतं किंवा काहीच नसतं. लॅपटॉप वायफायवर ठेवून प्रयत्न केला तर ही पडताळणी पुढे सरकतच नाही, केबल लावावी लागते.

आठ-दहा मशीन असतील तर प्रमाणपत्राच्या भानगडीत पडू नका, एका दुपारी एमईबीएक्स उरकून टाका. शंभर असतील तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. लॅपटॉपसमोर माणूस कायम असतोच, तिथे क्लायंट कंट्रोल पुरे.

‘नकोच ते एएमटी’ म्हणून हात झटकणंही धोक्याचं. जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या संगणक-सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की ‘admin’ हा पासवर्ड तसाच राहिला तर लॅपटॉप थोडा वेळ हाती लागलेला माणूस स्वतःच एएमटी सुरू करून जाऊ शकतो. तेव्हा वापरायचं नसेल तरी पासवर्ड बदला. आणि फर्मवेअर जुनं असेल तर आधी अद्ययावत करा, कारण २०१७ मध्ये पासवर्डशिवाय आत जाऊ देणारी मोठी त्रुटी एएमटीत सापडली होती.

आधीच सुरू असलेल्या मशीनचा मोड कोणता, हे मेशकमांडरसारख्या, एएमटी हाताळायच्या साधनात जोडणी करताच पहिल्याच पानावर दिसतं. तिथे ‘क्लायंट’ असेल, तर रात्रीच्या कामांच्या यादीतून ते मशीन आजच काढा.