गरोदरपणातली झिका तपासणी आणि पूर्वी होऊन गेलेला डेंग्यू

झिका (डासांमुळे पसरणारा, गर्भातल्या बाळालाही बाधू शकणारा विषाणू) तपासण्यासाठी नमुना देताना तीन गोष्टी तपासणीच्या अर्जात जरूर लिहा: पूर्वी डेंग्यू झाला होता का, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर किंवा डेंग्यूची लस घेतली आहे का, आणि ताप किंवा पुरळ नेमके कोणत्या तारखेला आले. या माहितीशिवाय अहवालाचा अर्थ चुकीचा लागू शकतो.

डेंग्यू आणि झिका एकाच कुळातले विषाणू. दोन्हींचे बाह्य आवरण इतके सारखे असते की डेंग्यूच्या वेळी तयार झालेल्या अँटीबॉडी (विषाणूशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) झिकालाही चिकटतात. पण चिकटणे म्हणजे निष्प्रभ करणे नव्हे. अर्धवट चिकटलेली अँटीबॉडी विषाणूला काही पेशींच्या आत शिरायला उलट मदत करते. डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी एक होऊन गेल्यावर दुसरा झाला, तर तो कधीकधी जास्त गंभीर होतो, त्यामागे हेही एक कारण आहे. आयजीजी अँटीबॉडी (लागण होऊन गेल्यावर दीर्घकाळ रक्तात राहणाऱ्या) वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत जातात, त्यामुळे त्यांच्यासोबत झिकाही आत जाईल का, ही शंका रास्तच. प्रयोगशाळेत मानवी वारेच्या ऊतींवर आणि गाभण उंदरांवर असा परिणाम दिसलाही आहे. माणसांत मात्र चित्र वेगळे आहे. ब्राझीलमधल्या साथीत डेंग्यूच्या अँटीबॉडी जास्त असलेल्यांना झिकाची लागण कमी झाली, आणि गर्भवतींच्या पाहणीत जुन्या डेंग्यूमुळे बाळाचा धोका वाढल्याचे आढळले नाही. त्यामुळे केवळ पूर्वी डेंग्यू झाला होता म्हणून घाबरू नका. मात्र संरक्षण आहे असे धरून डासांपासूनची काळजीही सोडू नका.

खरी अडचण तपासणीत येते. जुन्या डेंग्यूमुळे किंवा लशीमुळे झिकाची आयजीएम चाचणी (नुकत्याच झालेल्या लागणीत तयार होणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीसाठी केली जाणारी न्यूट्रलायझेशन चाचणीसुद्धा (अँटीबॉडी विषाणूला निष्प्रभ करतात का हे पाहणारी) अशा रुग्णांत दोन्ही विषाणूंना प्रतिसाद दाखवते. म्हणून आरटी-पीसीआर (अँटीबॉडी नव्हे, थेट विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) लवकर करणे महत्त्वाचे. रक्त आणि लघवी दोन्ही एकाच दिवशी द्या. रक्तात विषाणू सापडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात सर्वाधिक, लघवीत साधारण दोन आठवडे. गरोदरपणात तो कधीकधी रक्तात जास्त काळ टिकतो, त्यामुळे उशीर झाला तरी नमुना द्या. पीसीआर निगेटिव्ह आली म्हणजे झिका नव्हताच असे ठरत नाही. त्याच नमुन्यातून डेंग्यूचीही तपासणी करून घ्या. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालते.

झिका लैंगिक संबंधातूनही पसरतो. जोडीदाराला लागणीची शक्यता असेल तर संपूर्ण गरोदरपणात कंडोम वापरा किंवा संबंध टाळा.

अहवाल पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आल्यास डॉक्टर दर ३ ते ४ आठवड्यांनी सोनोग्राफी सुचवू शकतात. बाळाच्या डोक्याचा घेर कमी असल्याचे बहुधा दुसऱ्या तिमाहीच्या शेवटी किंवा तिसऱ्या तिमाहीत दिसते. म्हणून सुरुवातीची सोनोग्राफी ठीक आली तरी पुढच्या तारखा चुकवू नका.