वळणदार व्हॅक्यूम नळी (जुन्या मोटारींसाठी)

इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटरच्या डायफ्रॅमपर्यंत (ठिणगीची वेळ पुढे करणाऱ्या पडद्यापर्यंत) किंवा ब्रेक सर्व्होपर्यंत (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यापर्यंत) नेणारी, ठरावीक वळणे घेऊनच क्युअर केलेली, म्हणजे उष्णतेने पक्की केलेली, रबरी नळी. सरळ पाइप कापून वाकवला तर वळणावर चपटा होतो, आणि इंजिन गरम झाल्यावर तर दबून बसतोच. रबर एकदा क्युअर झाले की नंतर कितीही तापवा, नवा आकार धरत नाही. म्हणून वळण द्यायचे ते कच्च्या रबराला, फर्म्यावर, म्हणजे त्याच वळणाच्या सळईवर.

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि लेथची कामे शेजारीशेजारी होतात. त्यामुळे निपाणी-खानापूरकडच्या जुन्या गाडीवाल्यालाही फर्मा करून घेणे अवघड जात नाही. माप जुन्या नळीचे घेऊ नये, ती फुगलेली किंवा आकसलेली असते. निपलचा (नळी ज्यावर चढते त्या तोंडाचा) व्यास व्हर्नियरने मोजावा, आणि नळीची वाट 3 मिमी तार गाडीतच वाकवून ठरवावी. इंजिन माउंटिंगवर हलते, तेवढा ढील तारेत ठेवावा. नळीचे आतले माप निपलपेक्षा सुमारे 10 टक्के कमी हवे. फर्म्याला गोल माइल्ड स्टील सळई चालते. ती 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी, टोके गोल करावीत आणि दोन्हीकडे 30 ते 40 मिमी जादा ठेवावी. फार आखूड वळण दिल्यास नळी निघताना फाटते.

8 मिमीहून मोठ्या नळीसाठी पॉलिएस्टर कापडाची कच्ची सिलिकॉन शीट 45 अंशांत कापून दोन-तीन थर गुंडाळतात. वरून नायलॉन टेप अर्धा-अर्धा चढवत ताणून बांधतात. तापल्यावर टेप आकसून थर दाबते. टेपची फट राहिली तर पेरॉक्साइडने क्युअर होणारे सिलिकॉन तिथे हवेमुळे चिकट राहते. फर्म्याला साबणाच्या पाण्याचा वाळलेला थर पुरतो. सिलिकॉन ग्रीस लावल्यास ते थरांत शिरते आणि थर सुटतात. ओव्हनमध्ये साधारण 160 ते 175 अंश सेल्सिअसला 20 ते 30 मिनिटे, पण वेळ फर्मा तापल्यावर मोजायची. कंपाउंडवाल्याचे पत्रक वेगळे सांगत असेल तर तेच पाळावे. नळी कोमट असतानाच कॉम्प्रेसरची हवा भरून ती सरकवतात.

डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या, अॅडव्हान्सच्या 4 मिमी नळीला शीट गुंडाळणे जमत नाही. तिथे कच्ची नायट्राइल (तेलाला टिकणारे रबर) नळी फर्म्यावर सरकवून वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) क्युअर करतात. तेलाची वाफ जिथे येते तिथेही साधे सिलिकॉन नको, ते फुगते. फ्लुरोसिलिकॉनचे अस्तर किंवा नायट्राइलच घ्यावे.

चाचणीला हातपंपाने 500 मिमी पारा व्हॅक्यूम द्यावा आणि नळी गरम असताना पाच मिनिटे गेजचा काटा पाहावा. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा 60 मिमीच्या आसपास कमी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आयडलला (इंजिन नुसते चालू असताना) इंजिनाचा व्हॅक्यूम 450 लिहिला असेल तर इथे 390 दिसले म्हणजे गळती आहे असे नव्हे. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की काटा आपसूक वर येतो.

ब्रेक सर्व्होची नळी मात्र घरी करू नये. ती जाड भिंतीची, तयार आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेसह) विकत घ्यावी.