भरती तेवढीच, बांध जुना

रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात आजोबांनी रात्री उकड्या तांदळाची पेज मागायला सुरुवात केली की 'वयोमानाने अग्नी मंदावला' असे म्हटले जाते. त्याचा अर्थ जठरातले आम्ल आटले असा घेतला, तर तो बहुधा चुकतो. जठराचे अस्तर निरोगी असेल, तर सत्तरीतही आम्ल जवळजवळ तरुणपणाइतकेच तयार होते. थकते ती आम्लापासून जठराला वाचवणारी व्यवस्था, आणि तिची बरीच मदार रक्तपुरवठ्यावर असते.

खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे, त्यांना हे लवकर कळेल. भरतीचे पाणी पूर्वीइतकेच चढते, पण बांधाला चिखल लिंपायला गडी मिळेनासे झाले की खेकड्यांनी पाडलेली भोके तशीच राहतात आणि एखाद्या उधाणाला खारे पाणी शेतात शिरते. जठरात ही डागडुजी रक्त करते. आम्ल बनवणाऱ्या पेशी जितके आम्ल पोकळीत सोडतात, तितकेच आम्ल मारणारे बायकार्बोनेट मागच्या बाजूने रक्तात सोडतात. जेवणानंतरच्या या लाटेला शरीरशास्त्रातही भरतीचेच नाव आहे, तिला अल्कधर्मी भरती म्हणतात. केशवाहिन्या ते बायकार्बोनेट पृष्ठभागावरच्या पेशींपर्यंत पोचवतात आणि त्या पेशी ते श्लेष्माच्या, म्हणजे अस्तरावरच्या बुळबुळीत द्रवाच्या, थरात सोडतात. म्हणूनच पोकळीतला सामू (पीएच; जितका कमी तितके आम्ल तीव्र) 1 ते 2 असताना, मिलिमीटरभरही जाड नसलेल्या या थराच्या तळाशी तो 7 च्या आसपास राहतो.

अन्न पडताच रक्तप्रवाह वाढून अस्तर लालबुंद होते, हे विल्यम बोमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरने प्रत्यक्ष पाहिले होते. 1822 मध्ये बंदुकीच्या बाराने अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले, आणि बोमाँट त्यातून वर्षानुवर्षे आत डोकावत राहिला. (सेंट मार्टिनला त्याचा कंटाळा आला होता, यात नवल नाही.)

म्हाताऱ्या उंदरांवरील प्रयोगांत मात्र, आम्ल अस्तरात झिरपल्यावर रक्तप्रवाह वाढवण्याचा मज्जातंतूंचा प्रतिसाद मंदावलेला आढळतो. गंमत म्हणजे हे मज्जातंतू मिरचीतले कॅप्सेसिन ओळखणारेच असतात. माणसाच्या जठरात वयाबरोबर प्रोस्टाग्लँडिन हे अस्तरातच बनणारे संदेशवाहक रसायनही घटते, आणि रक्तप्रवाह व श्लेष्मा दोन्ही राखण्याचे काम त्याचेच. अशात गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतले, तर उरलेले प्रोस्टाग्लँडिनही दबते. वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी जठरात व्रण होण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो तो यामुळेच, आणि पुष्कळदा आधी पोट दुखतही नाही.

आम्ल खरोखर कमी होते ते मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या दीर्घ संसर्गाने अस्तर झिजल्यावर. तेव्हा दोष वयाचा नसतो, तर वर्षानुवर्षे मुरलेल्या संसर्गाचा असतो. अशा जठराला अन्नातले बी-12 सोडवता येत नाही. तिसऱ्यांत आणि बांगड्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते, पण ते प्रथिनांना चिकटलेले असते आणि ती पकड सोडवायला आम्ल व पेप्सिन हे जठरातले पाचक विकर लागतात. त्यामुळे रोज मासे खाणाऱ्या माणसाच्याही रक्ततपासणीत बी-12 कमी निघू शकते, आणि त्याच माणसाला गोळीतले मोकळे बी-12 मात्र बहुधा पचते.