हरित इमारतींचे मूल्यांकन

इमारतीतील वीजबचत, पाणीबचत व हवामानाला साजेशी रचना यांची दखल तिच्या किमतीत घेण्याची पद्धत. मूल्यांकनकाराच्या आकड्यावर बँक कर्ज ठरवते आणि खरेदीदार घासाघीस करतो. त्या आकड्यात उष्णतारोधक भिंतीला जागाच नसेल, तर बांधणाऱ्याला तिच्यावरचा खर्च वाया गेलेला वाटतो आणि पुढच्या प्रकल्पात तो ती गाळतो.

मूल्यांकनाच्या तीन रूढ पद्धती आहेत. तुलना पद्धतीत आसपासच्या ताज्या व्यवहारांवरून दर काढतात. हरित इमारतींचे व्यवहार मुळात थोडे, त्यामुळे बहुधा शेजारच्या साध्या इमारतीचाच दर त्यांना लागतो. खर्च पद्धतीत आज तशीच इमारत उभारण्याचा खर्च धरून त्यातून घसारा वजा करतात. इथे सौर पॅनेल मोजले जातात. पण दिशा पाहून ठेवलेल्या खिडक्या, खोल छज्जे, वारा खेळता ठेवणारी मांडणी यांना फारसा खर्च येत नाही, म्हणून मोलही मिळत नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी शहाणपणच या पद्धतीत निसटते.

खरा फरक पडतो तो उत्पन्न पद्धतीत. येथे वार्षिक निव्वळ उत्पन्नाला भांडवलीकरण दराने, म्हणजे अशा मालमत्तेतून गुंतवणूकदार अपेक्षितो त्या वार्षिक परताव्याच्या टक्केवारीने, भागतात. मालकाचा वीज-पाण्याचा खर्च वर्षाला १० लाख रुपयांनी घटला आणि दर ८ टक्के असला, तर इमारतीचे मूल्य सव्वा कोटीने वाढते. भाडेकरू टिकून राहण्याची खात्री वाढली, की दरही उतरू शकतो : १ कोटी निव्वळ उत्पन्नाची इमारत ८ टक्क्यांनी साडेबारा कोटींची ठरते, साडेसात टक्क्यांनी सुमारे १३ कोटी ३३ लाखांची. मात्र वीजबिल भाडेकरू भरत असेल, तर बचत त्याच्या खिशात जाते आणि भाडे वाढल्याशिवाय मालकाच्या हिशेबात ती येत नाही. ही अडचण जगभर आहे. गृहनिर्माण सोसायटीत ती थोडी सैल होते : लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे सौर विजेवर चालले तर मेंटेनन्स कमी होतो, आणि तो आकडा फ्लॅट घेणारा आवर्जून विचारतो. म्हणूनच किमान तीन वर्षांची बिले मूल्यांकन अहवालाला जोडणे हे भिंतीवरच्या हरित प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलके ठरावे.

आयखोल्ट्झ, कोक आणि क्विग्ली यांच्या २०१० मधील अभ्यासात अमेरिकेतील हरित प्रमाणित कार्यालयीन इमारतींचे भाडे सुमारे ३ टक्क्यांनी, तर विक्रीची किंमत सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळली. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून ‘ई’पेक्षा खालच्या ऊर्जा श्रेणीची (‘ए’ सर्वांत चांगली, ‘जी’ सर्वांत वाईट) जागा, सूट नसल्यास, नव्याने भाड्याने देता येत नाही. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून, काही अपवाद सोडता, १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कार्यालयांना किमान ‘सी’ श्रेणी लागते. अशा नियमांमुळे मूल्यांकनकाराला सुधारणेचा खर्च जुनाट इमारतीच्या किमतीतून वजा करावा लागतो. चांगल्या इमारतीला बक्षीस देण्यापेक्षा ही वजाबाकी जास्त परिणामकारक वाटते.

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्ता, विभाग व वापर पाहून दर देतो. बांधकामाचा प्रकार आणि वयही त्यात मोजले जाते. इमारत किती वीज खाते, याचा दराशी संबंध नाही. प्रोत्साहन दुसऱ्या वाटेने येते : २०२०च्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ‘गृह’ या हरित इमारतींच्या भारतीय मानांकनाच्या तीन, चार व पाच ताऱ्यांना मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येते त्यावर) अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के वाढीव क्षेत्र मिळते. हा लाभ बांधणाऱ्याला बांधतानाच मिळतो; पुढे राहणाऱ्याच्या घराच्या किमतीत तो उतरेलच असे नाही.

कराच्या बाबतीत एक पेच आहे. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर बसतो. अशा करात सुधारणांमुळे वाढलेले मूल्य धरले, तर करही वाढेल, म्हणजे सुधारणा करणाऱ्यालाच भुर्दंड. कॅलिफोर्नियाने यासाठी नव्या सौर यंत्रणा फेरमूल्यांकनातून वगळल्या. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असल्यास मालमत्ता करात ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. त्यासाठी प्रकल्प प्रत्यक्ष चालू असावा लागतो.